पांढरं पडलेलं वेढं

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी अनामिकेवर जातो आणि मग तोंडावर, कारण हसू आवरत नाही. एका सरळ माणसाला मी चोर म्हणून ठाण्यात बसवलं, तेही माझ्या अकलेवर भरवसा ठेवणाऱ्या नवऱ्याच्या हातून!

निजामाचं राज्य होतं. आमचे हे गेवराईच्या बाजूला एका ठाण्याचे अमीन, म्हणजे तिथले मुख्य अंमलदार. घर आणि ठाणं यांत एक भिंत, एक दार. मी सतरा वर्षांची. दाराला कान लावून जबान्या ऐकायची आणि स्वतःला अर्धी अमीन समजायची. अक्षरओळख नाही, पण गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखते म्हणे!

त्या दिवशी हात धुताना बघते तर बोटातलं माझं माहेरचं सोन्याचं वेढं पांढरंफटक. अगदी चांदी! चारच दिवसांपूर्वी गावच्या सोनाराकडून सैल करून आणलेलं. माझं डोकं धावलं. मेल्यानं सोनं ठेवून घेतलं, चांदीवर मुलामा चढवला आणि आज तो उडाला! पदर खोचून दारातूनच खबर दिली,

"अहो, चोरी! अमिनाच्या घरात चोरी!"

जमादार जाऊन सोनाराला घेऊन आला. वेढं मुद्देमाल झालं. बातमी गावात फिरली आणि घटकाभरात दोघी बायका त्याच्या दुकानातून आपले दागिने उचलून गेल्या. सोनारावरचा विश्वास उडाला की भट्टी विझलीच. त्यात ह्यांनी सुनावलं, "खरं बोल, नाहीतर उद्या सकाळी मुद्देमालासकट तुझं चालान तालुक्याच्या कोर्टात जाईल."

"साहेब, चांदी न्हाई ती," सोनार हात जोडून म्हणाला. "हातात तर घ्या. येवढंच वेढं चांदीचं असतं तर निम्म्यासारखं हलकं लागलं असतं."

"मग पांढरं कशानं पडलं?"

"त्येच कळंना. पर तोला. बाईसाहेबांच्या म्होरं बरुबर अर्धा तोळा तोलून दिलतं."

जमादारानं त्याच्याच दुकानातला काटा आणला. दाराआड मी कान देऊन; अर्धा तोळा हे मलाही आठवत होतं. वजन घटलं नव्हतं. गुंजभर वाढलं होतं!

"साहेब," जमादार म्हणाला, "चोर सोनं काढतो का घालतो?"

सोनार ताडकन उभा राहिला. "बाईसाहेबांना इचारा, आज पारा हाताळला का!"

ह्यांनी दाराकडे मान वळवली. "अगं, सकाळपासून काय काय केलंस?"

"ज्वारीच्या कणगीत पारा घातला. किडे लागतात ना. राखेत कालवून."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

पलीकडे जमादाराला खोकला आला. तो खोकला नव्हता.

सोनारानं अंगणात निखारे मागवले. "लांब व्हा, वाऱ्याच्या या अंगाला या. पाऱ्याचा धूर लई वंगाळ," असं बजावून त्यानं वेढं चिमट्यानं विस्तवावर धरलं. आम्ही सगळे माना उंचावून! पांढरेपणा मळका झाला, विरत गेला आणि खालून मातकट पिवळा रंग वर आला. मग चिंच लावून घासलं, तर माझं वेढं पुन्हा लखलखीत!

"सोनं पाऱ्याला बिलगतं बगा," सोनार म्हणाला. "लोखंडाला त्यो शिवतबी न्हाई. तुमची पाऱ्याची डबी कशाची हाय?"

लोखंडाची होती. कमरेच्या लोखंडी किल्ल्याही तशाच काळ्या. माझ्याच घरात सगळा पुरावा होता आणि अर्धी अमीन चेहरे वाचत होती! पुढे कणगीत पाऱ्याऐवजी कडुलिंबाचा पाला पडू लागला. तेच बरं, पारा खाण्याच्या दाण्यांजवळ नकोच.

ह्यांनी सोनाराला तिथंच सोडलं, माफीही मागितली. पेन्शनीत जाईपर्यंत ते प्रत्येक फिर्यादीला पहिला प्रश्न एकच विचारत, "आज सकाळपासून तू काय काय केलंस?" दुसऱ्याचा चेहरा वाचण्याआधी आपले हात बघावेत, हे मी तेव्हा शिकले. पण शिकून सोनाराचं दुकान थोडंच भरणार होतं?

म्हणून बाजारच्या दिवशी, गर्दी ऐन भरात असताना, मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. त्या दोघी बायका समोरच भाजी घेत होत्या. गळ्यातली बोरमाळ काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोनारदादा, ही उजळून द्या. तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

सोनारानं माळेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाला,

"ठिवा, बाईसाहेब. पर आदी हात धुऊन या."