पिठातलं पाऊल
तांदळाचं पीठ डब्यात दाबून भरताना बोटांखाली कर्र वाजतं आणि मला दादाचं पत्र आठवतं. शिनोलीत डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा माझा थोरला भाऊ, दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर मेकॅनिक म्हणून गेला होता. त्यानं लिहिलं होतं, "आई, इथला बर्फ लई कोरडा, तांदळाच्या पिठावानी. पाय पडला की तेवढाच दबून घट्ट व्हतो. मग वारा भवतालचा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो अन् पाऊल वर उभं ऱ्हातं." ते पत्र आई माझ्याकडून रोज वाचून घ्यायची. पुढं तो गाडीसकट बर्फाच्या भेगेत गेला. देह आलाच नाही. दहाव्याला आईनं ओसरीवर पीठ पसरून टोपली झाकली. गेलेल्याचं पाऊल त्यात उमटतं, अशी आमच्याकडं समजूत. "देहच न्हाई आला, पाऊल कुठून येणार?" चुलते म्हणाले. मला ते सोसलं नाही. पहाटे, कुणी उठायच्या आत, मी टोपली उचलली आणि लक्ष्मीची पावलं काढतात तशी मूठ टेकवून, वर बोटं दाबून पाऊल काढलं. सकाळी आईनं ते तान्ह्या बाळाएवढं पाऊल बघितलं. ती वाकली आणि हळूहळू फुंकर घालत राहिली. भोवतालचं सैल पीठ उडालं, दाबलेलं तेवढं उभं राहिलं. "त्यानं लिवलं व्हतं तसंच हाय," ती चुलत्यांना म्हणाली. मग माझ्या मनगटाला लागलेलं पीठ तिनं पदरानं पुसलं. गेल्या वर्षी आई गेली. मीही पीठ पसरलं, टोपली झाकली. सकाळी पीठ कोरंच होतं. मूठ टेकवायला घरात आता कुणी नाही.