घेरातल्या गोळ्या

नृत्यपथकातल्या मुली तिला शिवणमावशी म्हणत. पथकाचे घागरे ती तरुणपणापासून शिवत आली होती. पण सरहद्दीपलीकडच्या लोकनृत्य महोत्सवांना पथक निघाले की ती बसच्या पायरीपाशीच थांबे. या खेपेला मात्र तिने नृत्यशिक्षकांकडे हट्टच धरला. पलीकडे दिलेली थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि पथकाच्या परवान्याखेरीज तिच्यापर्यंत पोचण्याची दुसरी वाट नव्हती. दुपारच्या कार्यक्रमाला भाचा आईला चाकाच्या खुर्चीतून आणणार होता. अंधार पडण्याआत पथकाने परतायचे होते.

तपासणीनाक्यावर पेटारे यंत्रातून सरकले आणि प्रत्येक घागऱ्याच्या काठाशी काळ्या ठिपक्यांची रांग पडद्यावर उमटली.

"हे काय शिवलंय आत?" अधिकाऱ्याने विचारले.

"गोळ्या," मावशी सहज बोलून गेली. गिरकीत घेर तोलून राहावा म्हणून काठात शिशाचे मणी घालत; शिवणाच्या खोलीत त्यांना दुसरे नावच नव्हते.

नाक्यावर त्या शब्दाला एकच अर्थ होता. अधिकाऱ्याचा हात कमरेकडे गेला, बस रिकामी करवली गेली.

"अहो मावशी, मणी म्हणायचं, नाहीतर छर्रे... नको, छर्रे तर नकोच!" नृत्यशिक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. मुलींना हसू फुटले, अधिकाऱ्याला नाही.

प्रत्येक काठ उसवून दाखवण्याचा हुकूम सुटला. मुली सरसावल्या, पण कात्री फक्त मावशीच्याच हाती देण्यात आली. ज्या बारीक टाक्याचे आयुष्यभर कौतुक झाले, तो आज वैऱ्यासारखा वागत होता. ऊन भिंतीवरून उतरत गेले.

पथक महोत्सवाच्या जागी पोचले तेव्हा भाचा दारात नव्हता. आयोजकांनी कचेरीतून फोन जोडून दिला.

"अगं मावशी, आई बराच वेळ बसली होती. मग धाप लागली, घरी आणावं लागलं. येतेस का इकडे?"

"परवाना या आवारापुरताच आहे रे, फाटकाबाहेर जायची मनाई आहे."

फोन बहिणीकडे गेला. "काय गं बुटके, इथवर येऊन तोंड लपवतेस?"

"ताई, तूच पळालीस की!"

ताई हसली, हसता हसता खोकत राहिली. "केस पिकले का गं तुझे?"

मावशीचे डोके केव्हाच पांढरे झाले होते. "छे! काळेभोर आहेत अजून. वेणी घालते."

"बरं झालं. मग तश्शीच डोळ्यांपुढे आणते तुला."

बाहेर पथकाच्या नावाचा पुकारा झाला. मावशीच्याने फोन ठेववेना. तो पलीकडूनच ठेवला गेला.