अष्टापदाच्या वाटेवर, पिंपळनेरपर्यंत

भाऊबीज आटोपली आणि मी धुळ्याहून तिबेटला निघाले. म्हणजे पिंपळनेरच्या एस.टी.त बसले. त्या वयात मला या दोन गोष्टींत फारसा फरक वाटत नसे.

माझं सासर जळगावचं. वैशाखात जिथे माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, तिथे बसून मी हिमालयापलीकडच्या त्या देशावरची जुनी पुस्तकं जमवायचे. गोऱ्या साहेबांनी लिहिलेली, वेषांतर करून गेलेल्यांनी लिहिलेली, कुणी थंडीत बोटं गमावून लिहिलेली. गावातले रद्दीवाले मला बघितलं की भाव चढवत. चीनची लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली होती, कैलासाची वाट बंद पडली होती, आणि बंद दारापाशी मांजर बसतं तशी मी नकाशापाशी बसलेली असायचे. तिकडच्या खिंडींची नावं मला पाठ होती. भुसावळच्या पलीकडे मात्र एकटी कधी गेले नव्हते, आणि डिसेंबरात दोन स्वेटर घालून हिंडत होते.

माझा थोरला भाऊ, नाना, धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून. कामानिमित्त तो पिंपळनेरला केवलशेठ नावाच्या मारवाडी व्यापाऱ्याकडे उतरला होता. त्यांच्या कपाटात त्याने लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाहिलं. आत कैलासाचं चित्र. ओवाळून झाल्यावर त्याने हे सांगितलं आणि मी हातातला अनारसा तसाच ताटात ठेवला. वर्णनावरून मी ओळखलं. हेच पुस्तक मी लग्नाच्या आधीपासून शोधत होते.

"निरोप धाडतो, जाऊन बघ," नाना म्हणाला. "पण देशमुखीण असल्यासारखी बोलू नकोस तिथे."

एस.टी. माहेरून परतणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्या फराळाच्या डब्यांनी भरली होती. साक्रीच्या अलीकडे टायर बसलं. सगळे उतरून बाभळींच्या सावलीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. त्याला बर्फ समजायचा प्रयत्न मी थोडा वेळ करून पाहिला. शेजारी एक म्हातारी बाई टेकली होती. तिने अहिराणीत विचारलं, "कोठे जाई राहिनी बाई?"

"जळगावची मी. पिंपळनेरला चाललेय. पुस्तक आणायला."

"जयगावमा भेटत नई का? तठे ते बठ्ठं भेटस." (बठ्ठं म्हणजे सगळं.)

"हे नाही मिळत. तिबेटचं आहे."

"ते कोठे शे?"

मी उत्तरेकडे हात केला. तिकडे एक बैलगाडी उभी होती.

"तू जाई उनी का तठे?"

"नाही गेले कधी."

"मंग तठली याद कसाले करस?"

मी टायर बदलणाऱ्या ड्रायव्हरकडे बघू लागले. तिने फडक्यातून कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) काढली, वर ठेचा घातला आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

पिंपळनेर जवळ आलं तसे डोंगर पुढे सरकू लागले. पांझरा नदीला अजून पाणी होतं. केवलशेठांचं घर बाजारपेठेतच होतं, पुढे भुसाराचं दुकान, मागे राहती जागा. आत गेले आणि थबकले. ओसरीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर पुस्तकांची रांग मांडली होती. पोथ्या होत्या, मुलांची क्रमिक पुस्तकं होती, औषधांचं एक पुस्तक होतं. आणि शेवटी ते लाल.

निरोप पोचला आणि या भल्या माणसांनी माझ्या निवडीसाठी सगळं काढून ठेवलं, असं मला वाटलं. मी लगेच गिऱ्हाइकाचा चेहरा केला. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातला पहिला धडा असा, की हव्या असलेल्या पुस्तकाकडे बघायचं नाही. मी औषधांचं पुस्तक चाळलं. "बांधणी सैल झालीय," म्हणाले. एका पोथीला बाजूला सारलं. मग जांभई दिल्यासारखं करून लाल पुस्तक उचललं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

"जीभ नको लावू."

कोपऱ्यात पाटावर एक म्हातारी बसली होती. केवलशेठांची आई. तिला सगळा गाव काकीजी म्हणे. तिने उठून पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पदराने पान टिपलं आणि जागेवर ठेवलं.

"उष्टं बोट पुस्तकाला लावत नाहीत, बेटा. आज तर नाहीच नाही."

"काय घ्याल याचे?" मी विचारलं. एवढं झाल्यावरही विचारलं.

केवलशेठ हसू दाबत म्हणाले, "ताई, आज ज्ञानपंचमी. आज पुस्तकांची पूजा असते आम्हां जैनांत. दुकान नाही मांडलेलं."

तेव्हा मला चादरीवरचा चंदनी भुगा दिसला. मी ओट्यावरची धूळ समजून दोन-तीन पुस्तकांवरून फुंकून टाकला होता.

हात धुऊन आले. केवलशेठ समजुतीने म्हणाले, "उद्या घेऊन जा. आमच्यात कोण वाचतो इंग्रजी? मला बिलापुरतं येतं."

"मी कुठे दे म्हटलंय?" काकीजी म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. धुळ्याचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानातून काकीजींच्या यजमानांनी ते पुस्तक घेतलं होतं, फक्त त्या चित्रासाठी. कैलास म्हणजेच अष्टापद, आदिनाथांची निर्वाणभूमी, आठ पायऱ्यांचा पर्वत, असं त्यांचं मत. दोघांनी जायचं ठरलं होतं. आधी धंदा, मग मुलींची लग्नं, मग वाट बंद झाली, मग तेच गेले. पुस्तक दर पंचमीला चादरीवर येई आणि परत कपाटात जाई.

"तुला येतं ना वाचायला?" काकीजी म्हणाल्या. "मग वाच. अष्टापदापर्यंत ने मला. पुढचं पुढे बघू."

सौदा ठरला असं मी समजले आणि थेट कैलासाचं प्रकरण उघडलं.

"हे कुठलं?"

"कैलासाचं."

"आणि मधली वाट?"

"ती फार लांब आहे, काकीजी."

"असणारच. न चालता दर्शन कसलं? पहिल्यापासून वाच."

परतीची गाडी मी केव्हाच सोडली होती. मी मराठी करत वाचू लागले, मधून मधून माझं ज्ञान पाजळत. "तो काय म्हणतो ते सांग, तू काय म्हणतेस ते नंतर," त्या म्हणाल्या. त्यांचा उपास होता, म्हणून पुस्तक लिहिणारा साहेब काय खातो हे त्यांना सविस्तर हवं होतं. त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) आलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आपला सातूच की." चहात लोणी नि मीठ घालतात हे ऐकून त्या हळहळल्या, "बिचारा." एका ठिकाणी मी चार ओळी उडवल्या.

"काहीतरी गाळलंस."

"मेंढी मारली त्यांनी."

"बरं केलंस."

सूर्य मावळायच्या आत मला जेवायला वाढलं. सकाळी उन्हं ओसरीवर येताच पुन्हा बसलो. एव्हाना दुकानातली दोन गिऱ्हाइकंही उंबऱ्याशी बसून ऐकत होती. साहेबाची माणसं एका नदीशी पोचली. पलीकडे ढगांत अष्टापद आहे असं वाटाड्या सांगत होता, पण पाणी फुगलं होतं. तंबू ठोकून उतार पडायची वाट बघत बसले. तेवढ्यात केवलशेठ म्हणाले, "ताई, गाडी लागली."

मी घाईने म्हटलं, "काकीजी, दोनच पानं पुढे दिसतो तो. वाचून टाकू?"

त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "नको. पोचलं की माघारी फिरायचं असतं. राहू दे त्यांना तिथे. पुढच्या पंचमीला ये, मग उतरू."

त्यांनी पानात रेशमाचा धागा घातला. पुस्तक न घेता मी एस.टी.त बसले. धुळ्याला नाना म्हणाला, "काय, रिकाम्या हाताने?" जळगावला सगळ्यांनी तेच विचारलं. पुढचं वर्षभर मी चिडून होते. कुणावर, हे ठरत नव्हतं.

पुढच्या दिवाळीला निघायच्या तयारीत असताना नानाचा निरोप आला. काकीजींना लेकीने मारवाडला नेलं होतं, तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणे. पुस्तक त्यांनी बरोबर नेलं. त्यानंतर त्या पिंपळनेरला परतल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मला मुंबईत मिळाली. घेतली. सोडायचा मोठेपणा माझ्यात तेव्हाही नव्हता. नदीपर्यंत मी ते किती वेळा वाचलंय. पुढचं पान जुन्या पुस्तकांत असतं तसं कडेला न कापलेलं, जोडलेलं आहे. सुरी घरात आहे. नातवंडं विचारतात, "आजी, पुढे काय झालं?" मी सांगते, पाणी अजून उतरलं नाही.