ईरम्माला मधला आवाज नव्हता

ईरम्मा मला आधी ऐकू आली, दिसली नंतर. साल एकोणीसशे चोवीसच्या आसपासचं असेल. माझं गाव केम सोडून मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. तिसरीच्या वर्गाला विचारलं, "हिंदुस्थानच्या उत्तरेला काय आहे?" माझ्या वर्गातल्या मुली छताकडे बघत आठवू लागल्या आणि उत्तर भिंतीपलीकडून आलं, "हिमालय!"

भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग होता. दुसरीला भूगोलच नव्हता.

मी जाऊन डोकावलो. खिडकीपाशी एक काडीसारखी पोर उभी होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, वेणीला चापून तेल, आणि चेहऱ्यावर मदत केल्याचा आनंद.

"तूच बोललीस?"

"व्हय गुरुजी! कालबी तुमी तेच शिकवत हुता की! चुकलं का?"

कौलांवरची कबुतरं उडाली. मी वाढवून सांगत नाही, खरंच उडाली.

पुढच्या आठवड्यात दुसरीच्या मास्तरांनी मला गळ घातली की, तुम्ही तिच्या घराजवळच राहता, तर पालकांच्या कानावर घाला. गेलो. तिची गल्ली विणकरांची होती. दोन्ही बाजूंच्या घरांत हातमाग, बहुतेक तेलुगू कुटुंबांचे, आणि सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यापासून जी खटखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. ईरम्माचे वडील मडिवाळप्पा गिरणीत मागावरच होते. घरी तिची आई सुंदरम्मा भेटली. मी नम्रपणे म्हणालो, "आपली मुलगी जरा मोठ्यानं बोलते."

"काय?"

"मुलगी मोठ्यानं बोलते!"

"आँ? गुरुजी, मोठ्यानं बोला की!"

मग मी पोटातून ओरडलो, "तुमची मुलगी फार मोठ्यानं बोलते!" नेमका त्याच क्षणी शेजारचा माग धागा तुटून थांबला होता. सगळ्या गल्लीनं ऐकलं. समोरची नरसव्वा दारात आली आणि पोट धरून हसत म्हणाली, "आन् तुमी ओ गुरुजी?"

तक्रार तिथंच संपली. चहा झाला, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी झाली, आणि मी त्या घरचा झालो.

तिथं जाऊन येऊन मला एक गोष्ट उमगली. त्या घरात बोलण्याच्या दोनच रीती होत्या. मागांच्या वर आवाज काढायचा, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि बोटांनी सांगायचं. गिरणीतले विणकर असंच बोलतात. मडिवाळप्पानं ती विद्या घरी आणली होती. जेवताना मीठ हवं तर चिमूट चोळायची, पाणी हवं तर अंगठा ओठाला लावायचा. आपण सगळे ज्या मधल्या आवाजात आयुष्य काढतो तो ईरम्माला कुणी शिकवलाच नव्हता.

आणि ज्या गल्लीत कुजबुजता येत नाही तिथं माणसाचं मन वेगळंच घडतं. आमच्या केमला एखादीला सुनेचा राग आला तर तो महिनाभर मुरायचा. इथं तो ओट्यावरून जाहीर व्हायचा, समोरची उत्तर द्यायची, तिसरी निकाल लावायची, आणि भाकऱ्या थापायच्या आत विषय संपलेला असायचा. ईरम्माला वाटे, सगळं जग असंच असतं. मनात आलेलं बोलायचं, आणि बोललं की कुणीतरी उत्तर देतंच. भीती तिला ठाऊक नव्हती, कारण गुपित ठाऊक नव्हतं.

ती सोळा वर्षांची झाली त्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तिनं एक तरुण पाहिला. वाऱ्यानं त्याची टोपी उडाली होती, आणि टोपीमागं धावता धावता तो स्वतःलाच हसत होता. दुसऱ्या दिवशी तिनं ही बातमी ओट्यावरून समोरच्या ओट्यावर नरसव्वाला सांगितली. म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितली.

गल्लीनं मनावर घेतलं. चौकशी झाली. पोरगा त्यांच्याच समाजातला, लिंगायत, नाव निंगप्पा, बार्शीच्या धान्यबाजारात चुलत्याच्या दुकानात असतो, आईवडील नाहीत, गौरम्मा नावाच्या आत्यानं वाढवलेला. निरोप गेले. बघायला येतो, असं उत्तर आलं, आणि त्याबरोबर एक इशाराही. आत्याबाईंना गलका खपत नाही. बार्शीची माणसं म्हणत, त्यांच्या घरात पालसुद्धा हळू चुकचुकते.

ईरम्माचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. "गुरुजी, मला त्योच पायजे," ती म्हणाली. "आन् माझ्या नरड्यापायी जाणार बघा."

यावर गल्लीनं जो उपाय काढला तो त्याच गल्लीला सुचावा. नरसव्वा म्हणाली, पोरगी मोठ्यानं बोलते ती मागांमुळं. मग मागच थांबवू. पोरीसाठी एक सकाळ बुडली तर बुडू दे. आणि खरोखर त्या रविवारी पाहुण्यांचा टांगा आला तेव्हा गल्लीतले सगळे माग थांबले.

मीही तिथं होतो. पोरीचं शिक्षण काय म्हणून कुणी विचारलं तर सांगायला मला बसवलं होतं. इतकी शांतता त्या गल्लीत कुणी कधी ऐकली नव्हती. माणसं बावरली होती. सुंदरम्मा लेकीच्या कानाशी कानडीत म्हणाली, "मेल्लगे, ईरम्मा, मेल्लगे!" हळू, असं तिला म्हणायचं होतं. ते टांग्याच्या घोड्यानंही ऐकलं. त्यावर दाराबाहेरून नरसव्वाचं तेलुगूतलं 'हळू' आलं, "मेल्लगाऽ!" निंगप्पा खाली बघून मिशीत हसला. आत्याबाईंनी पदर सारखा केला.

ईरम्मा खाली मान घालून बसली. आत्याबाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तिनं हळू बोलायचं ठरवलं होतं, आणि तिला हळू बोलण्याची एकच रीत येत होती. तिनं ओठ हलवले. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, अगदी नीट सांगितलं, फक्त आवाज काढला नाही.

आत्याबाई पुढं वाकल्या. "काय?"

पुन्हा ओठ हलले.

आत्याबाई हबकून मडिवाळप्पाकडं वळल्या. "अहो, पोरगी मुकी आहे का?"

"न्हाय ओ आत्या!" ईरम्मा ओरडली. "मी ईरम्मा! चौथी पास!"

आत्याबाईंच्या हातातली बशी कलंडली. पोह्यांतले शेंगदाणे माझ्या पायापर्यंत आले. "कळवतो," एवढं म्हणून पाहुणे उठले. टांग्यात चढताना आत्याबाई भाच्याला म्हणाल्या, "चांगली आहे रे पोर. पण घरात नगारा कुठं ठेवायचा?" एरवी ते कुणाला ऐकू गेलं नसतं. त्या दिवशी सगळ्यांना गेलं.

टांगा हलला. लोक गुमान आत गेले. बुडालेली सकाळ भरून काढायला एकेक माग सुरू झाला, खटखट चढत गेली. ईरम्मा उंबऱ्यात उभी होती. सुंदरम्मा तिला आत ओढत होती. टांगा कोपऱ्यावर पोचला, आणि पोरीनं आईचा हात सोडवून ओटा गाठला.

"ओ बार्शीकर! थांबाऽ! राहिलं!"

एवढ्या मागांवरून तो आवाज थेट कोपऱ्यापर्यंत गेला. टांगा थांबला, वळला, परत आला. आत्याबाई गाठोडं चाचपत होत्या. "काय गं राहिलं?"

"माझं इच्यारायचं राहिलं!" ती ओट्यावरून म्हणाली. "मी पसंत हाय की न्हाय? कळवतो म्हणू नका. आत्ताच सांगा. पत्र येईस्तोवर मला दम न्हाय!"

सुंदरम्मानं कपाळावर हात मारला. मडिवाळप्पा माझ्याकडं बघू लागला, जणू हे मीच शिकवलं होतं. दारादारांत माणसं जमली.

निंगप्पा टांग्यातून उतरला. कान लाल झाले होते. तो काहीतरी बोलला.

"ऐकू आलं न्हाय!" नरसव्वा ओरडली.

तो पुन्हा बोलला.

"मोठ्यानं ओ पावणं!" गल्लीनं एका सुरात सांगितलं. "हितं माग चालू हायत!"

त्यानं आत्याकडं पाहिलं, टोपी काढून हातात घेतली, छाती भरून घेतली आणि बोंब ठोकली, "पसंत हाय! लई पसंत हाय!"

"निंग्या! रस्त्यात?" आत्याबाई किंचाळल्या, आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. पदर खाली आला तेव्हा डोळ्यांत हसून हसून पाणी होतं.

निंगप्पाला आता चेव आला होता. "आन् मी?" तो ओरडला. "मी पसंत हाय का?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा ईरम्मा लाजली. तिनं नुसते ओठ हलवले.

आम्हा गल्लीकरांना ते लख्ख कळलं. कळलं नाही ते निंगप्पाला. तो बिचारा या दारातून त्या दारात बघत विचारत राहिला, "काय म्हणाली? अहो, काय म्हणाली ती?" आणि कुणी त्याला सांगेना. पोरं टांग्याभोवती नाचू लागली, घोडा बिथरला, नरसव्वानं गूळ आणला. शेवटी आत्याबाईच त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "व्हय म्हणाली, बावळटा! मला कळलं, तुला कळेना?"

लग्न वैशाखात झालं. वाजंत्री लावली होती, ती कुणाला ऐकू आल्याचं मला आठवत नाही.

शाळेत मी मुलींना पुष्कळ वर्षं सांगत आलो होतो की विचारल्याशिवाय बोलू नये. त्या रविवारनंतर ते वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखं ठामपणे निघेना, आणि आता निवृत्त झाल्यावर तर त्याचा प्रश्नच उरला नाही.

ईरम्मा बार्शीला असते, दुकानामागच्या दोन खोल्यांत. आत्याबाई तिच्याजवळच राहतात. त्यांना आता दिसत नाही, म्हणून त्यांची वेणीफणी तीच करते.