मामा गच्चीवर आहेत

बारामतीपासून इंदापूरपर्यंत अशी एकही गच्ची नसेल, जिच्यावर आमच्या हिचे मामा उकिडवे बसलेले नाहीत. माणसांचे चेहरे मामांच्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी रामराम घातला की ते क्षणभर गोंधळतात आणि मग विचारतात, "तुमची ती कठड्यापाशी फुगलेली न्हवं?" समोरचाही काही वाटून न घेता "व्हय, तीच" म्हणतो. मामा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या कॅन्टीनचा स्लॅब कुठून गळतो ते शोधता शोधता त्यांना गच्च्या तपासायचा हा नाद लागला आणि निवृत्तीनंतर त्याला काही धरबंधच राहिला नाही.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी लाटणं मागतात. अनोळखी घरातली बाई बावचळून लाटणं देते आणि पोळपाटही आणायला वळते. मामा पोळपाट नम्रपणे नाकारून जिना चढतात. वर गेल्यावर चपला काढतात आणि हातभर अंतराने लाटणं ठोकत, कान लावत पुढे सरकतात. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की खडूने फुली. मग अंगठा ओला करून गच्चीवर मारलेला वॉटरप्रूफिंगचा कोट घासून बघतात. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली तर संपलंच. "ह्यो वॉटरप्रूफ न्हाय, भिंतीचा रंग हाय. पावसाला रंगाचं काय कौतुक?" पण नखाने ओढल्यावर कोट रबरासारखा ताणला गेला, तर मामांच्या चेहऱ्यावर नातवंड झाल्याचा आनंद दिसतो. अशा कोटाचा नखाएवढा तुकडा ते ब्लेडने कापून घेतात आणि घरी वहीत चिकटवतात. कापलेली जागा स्वतःच बुजवून देतात. पुढे सगळ्या गच्चीत तेवढीच जागा टिकते, असं घरमालक सांगतात.

आमच्या जळोचीच्या घराच्या वास्तुशांतीला पंगत गच्चीवर बसली होती. वाढप्यांच्या मागोमाग मामाही पंगतीतून फिरत होते. मला वाटलं, आग्रह करताहेत. तेवढ्यात त्यांनी माझ्या साहेबांना जिलबीच्या घासावर उठवलं, ताट बाजूला सरकवलं, दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "बसा आता. तुमच्या बुडाखाली पोकळ हाय." साहेब त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. पुढच्या आषाढात पाणी मात्र बरोबर तिथूनच आलं.

सुप्याला एका भाऊबंदाकडे दुःखाला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. रडारड चालू असताना मामा दिसेनात. कुणीतरी म्हणालं, फार जीव होता त्यांचा, एकटेच वर जाऊन रडत असतील. अर्ध्या तासाने मामा डोळे पुसत खाली आले. वर ऊन कडक होतं. गेलेल्या माणसाच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेला बिचारा. पर कोट मातुर जीव लावून मारून गेला." तो मुलगा त्या एका वाक्याने जेवढा रडला, तेवढा दिवसभरात रडला नव्हता. मामांबद्दल ठाम मत करणं अवघड आहे ते यामुळेच.

मामांना एकच लेक. तिला इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, डाळिंबाची बाग, नवं दुमजली घर. मुलामुलीची पसंती झाली आणि रीतीप्रमाणे मामा, मामी, ही आणि मी असे चौघं त्यांचं घर बघायला गेलो. चहा यायच्या आत मामांनी लाटणं मागितलं. मामींनी डोळे मिटून घेतले. वरून खाली येऊन मामा मुलाच्या वडिलांना म्हणाले, "आबा, गच्चीच्या पाईपात बोळा कोंबून वर चार बोटं पानी दोन दिवस कोंडायचं. मंग कळंल."

आबांचा पारा चढला. "पावणं, पोरगी द्यायला आलाय का घर इकत घ्यायला?"

"घर घ्यायचं असतं तर डोळं झाकून घेतलं असतं," मामा शांतपणे म्हणाले. "पोरगी द्यायचीय म्हणून बघतोय."

"भरा पानी!" आबा कडाडले. "थेंब न्हाय आला तर हात जोडायचं. आन् आला तर ही सोयरीक मोडली."

घरी आल्यावर सगळं ऐकून लेक बोलली. "अण्णा, गच्ची बघितली, तसं मला बी एकदा इचारून बघायचं हुतं. मला तितंच जायचंय." मामा त्या रात्री जेवले नाहीत, असं मामी सांगत होत्या.

दोन दिवसांनी मामा आणि मी दोघेच पुन्हा गेलो. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली, नव्या जोडप्यासाठी ठेवलेली. छताच्या कोपऱ्यात भाकरीएवढी ओल होती. मी बघितली, मामांनी बघितली. स्टुलावर चढून त्यांनी तिला तळहात लावला आणि खाली उतरले. जिन्यातून आबा विचारत होते, "काय म्हनतीया आमची गच्ची?"

"कोरडी हाय," मामा म्हणाले. खाली गेले आणि ओला हात कोरड्या हाताला जोडून त्यांनी माफी मागितली. ज्या माणसाने साहेबांची भीड धरली नाही की मढ्याची, तो माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

लग्न झालं. आमच्याकडे बापाने लेकीच्या सासरी उगाच जायचं नसतं. काहीतरी निमित्त लागतं. त्या उन्हाळ्यात मामांनी आबांना कळवलं, की चांगल्या कोटावरही वरचेवर हात फिरवावा लागतो. डबा आणि ब्रश घेऊन ते इंदापूरला गेले आणि तो कोपरा असा पक्का करून आले, की पुन्हा तिथे ओल दिसली नाही. त्यानंतर दर उन्हाळ्याला जातात. दोन कोट मारायचे, मध्ये एक दिवस सुकू द्यायचं, म्हणजे मुक्काम ओघानेच आला.

यंदा त्यांना सोडायला मी गेलो होतो. चार वर्षांत जेमतेम पाव गच्ची झाली होती. दरवर्षी दीड हाताचा एक पट्टा. असा कसबी माणूस, सकाळी लागला तर संध्याकाळी हात धुवून मोकळा होईल. मी म्हटलं, "मामा, एका दमात उरकून का टाकत न्हाय?"

मामा ब्रश निथळवत राहिले. जिन्यात लेकीच्या बांगड्या वाजल्या; ती चहा घेऊन वर येत होती.

"मंग पुढल्या साली काय सांगून येऊ?" ते हळूच म्हणाले.

मी माझा कप घेतला आणि काहीतरी विसरल्यासारखं करून खाली निघून आलो.