वरची आरी

डोमाजी झाडावर चढताना कमरेला दोर बांधत नसे, बायकोचं जुनं नऊवारी लुगडं बांधत असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. एवढा काळा, उंच, पन्नाशीकडे झुकलेला गडी अल्लीपूरच्या रस्त्यावरच्या कडुनिंबावर बसलेला, आणि कमरेभोवती विटक्या हिरव्या लुगड्याचे दोन वेढे! मी खालून विचारलं, "डोमाजी, ऑफिसचा दोर कुठे गेला?" तो वरूनच म्हणाला, "दोर माणसाले कापते, बाबू. लुगडं धरते." एवढं बोलून त्याने कुऱ्हाडीचा एक घाव घातला आणि विजेच्या तारेवर टेकलेली फांदी अशी अलगद खाली सोडली की तार हललीसुद्धा नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हिंगणघाटच्या वीज कार्यालयात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. वर्ध्याचा मुलगा, कागदात हुशार, बाकी सगळ्यात भोळसट. डोमाजी तिथे माझ्या आधी बारा वर्षं होता, पण रोजंदारीवर. मृग लागायच्या आत तारांजवळच्या फांद्या छाटायच्या, हे त्याचं काम. बारा वर्षांत तो एकदाही पडला नव्हता, आणि बारा वर्षांत तो कायमही झाला नव्हता. पहिल्या गोष्टीचा त्याला अभिमान होता. दुसरीबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "होते होते, झाडबी एका सालात वाढत नाई."

त्याची दुसरी सवय अशी की तो ऑफिसातल्या कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. हाताला कायम बाभळीचा डिंक, चिंचेचा चीक. हजेरीवर अंगठा उठवायचा तेवढाच काय तो स्पर्श. बाकी टेबलापुढे आला की दोन्ही हात पाठीमागे. काही दाखवायचं असलं तर हनुवटी पुढे करायचा. "कागदाले झाडाचा डाग कायले?" म्हणायचा. मला ही अदब वाटायची. तिच्यापायी पुढे काय घडणार होतं, ते मला कळलं असतं तर त्याचा हात धरून मी कागदावर ठेवला असता.

एका उन्हाळ्यात आमच्या साहेबांनी मोटरची आरी घ्यायचं ठरवलं. नागपूरच्या दुकानदाराने माहितीपत्रक पाठवलं. एकाच पानावर दोन आऱ्यांची चित्रं, एकाखाली एक, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. साहेब मला म्हणाले, "डोमाजीला विचारून यातली एक ठरव. झाडावर चालवायची तर त्यालाच आहे. त्याला ही आरी जमली, तर यंत्र चालवणारा म्हणून त्याला कायम करायची शिफारस मी करतो." शिफारशीचा मसुदा मीच लिहिला. माझा स्वतःचा, परिवीक्षा संपवून नोकरी पक्की करणारा कागदही त्याच टेबलावर सहीसाठी पडून होता.

मी डोमाजीला बोलावलं. माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं, तो टेबलापलीकडे हात मागे बांधून उभा राहिला. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागलो आणि दोन वाक्यांतच माझाच गोंधळ उडाला. एका आरीची मूठ मागे आणि पातं लांब. दुसरी लहान, मूठ थेट मोटरच्या डोक्यावर. दोन्ही दोन हातांनी धरायच्या, दोन्ही लाकूड कापतात, मग फरक काय? मला तर मोठी चांगली वाटत होती. एवढा खर्च करायचा तर लहान वस्तू कशाला घ्यायची, हा माझा सगळा विचार!

डोमाजी मान पुढे काढून बराच वेळ चित्रं बघत राहिला. मग म्हणाला, "झाडावर माणूस आखडून बसते, बाबू. आरी पोटापाशी राह्यली पायजे. मूठ मागं असली का कोपर मागं जाते, अन मागं तं खोड असते." मी मान डोलावली. कारकून मान डोलावतो तेव्हा त्याला समजलेलं असतंच असं नाही. पोट, कोपर, खोड यांचा त्या पानाशी काय संबंध, हे मला उमगलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. शेवटी मी एवढंच म्हटलं, "ते सगळं खरं. पण यातली कोणती?"

त्याने कागदाकडे हनुवटी केली. "वरची."

"नक्की वरची?"

"हो जी. वरचीच."

मी वरच्या चित्रावर निळ्या पेन्सिलीने खूण केली.

पेटी आली तेव्हा अर्धं ऑफिस गोळा झालं. डोमाजीने आतली लांब पात्याची आरी पाहिली आणि तो एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, नव्या यंत्राला बुजला असेल. दुसऱ्या दिवशी अल्लीपूरच्या फाट्यावर चिंचेच्या झाडाशी साहेब स्वतः आले. डोमाजीने लुगडं बांधलं, वर चढला, आरी दोराने ओढून घेतली आणि दोन फांद्यांच्या दुबेळक्यात बसला. मोटर सुरू झाली, रस्त्यावरचे बैल बिथरले. पण आरी काही फांदीला लागेना. कोपर मागे घ्यायला जावं तर खोडावर आपटे, पातं पुढे न्यावं तर तारेकडे जाई. तीन वेळा त्याने प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तो पार एका बाजूला कलला. लुगडं ताणलं गेलं, पण धरून राहिलं.

तो खाली उतरला. घामाने निथळत होता. म्हणाला, "हे खाली उभं राहणाऱ्या माणसाची आरी हाय, साहेब. वर बसणाऱ्याची नाई."

साहेब भडकले. पेट्रोल घालून चालवलेली वस्तू दुकानदार परत घेणार नव्हता. "निवड कोणाची होती?" त्यांनी मला विचारलं.

मी ताबडतोब म्हणालो, "डोमाजीचीच, साहेब. मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, वरची."

डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "हो साहेब. म्या वरचीच म्हटलं होतं."

शिफारस साहेबांनी फाडली नाही, नुसती फाईलच्या तळाशी घातली. एकूण एकच. माझ्या कागदावर मात्र त्याच आठवड्यात सही झाली. आरी पुढे खाली पडलेले ओंडके कापायला वापरत आणि डोमाजी रोजंदारीवरच कुऱ्हाड घेऊन झाडावर चढत राहिला. मला मनापासून नवल वाटे. झाडाची नस न् नस ओळखणारा माणूस, आणि आपल्याच हत्यारात असा कसा फसला? पुढच्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल! किस्सा म्हणून सांगायचो. लोक हसायचे.

मग त्याचे गुडघे गेले आणि तो अल्लीपूरला घरी बसला. मी अधूनमधून जायचो. त्याची बायको पार्बताबाई मला बघितलं की न विचारता चहा ठेवायची, आणि जास्त साखर घालायची. एकदा ऑफिसात जुन्या फाईली निकालात काढत होतो, तेव्हा ते माहितीपत्रक सापडलं. निळी खूण तशीच. म्हटलं, डोमाजीला दाखवू, गंमत वाटेल.

तो बाजेवर बसला होता. मी शेजारी टेकलो, कागद दोघांच्या मध्ये धरला. "आता तरी सांगा," मी हसत म्हटलं, "एवढे जाणते तुम्ही, ही काऊन निवडली होती?"

झाडं सुटून वर्ष झालं होतं, हात स्वच्छ होते. माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच त्याने कागद हातात घेतला. थोडा वेळ पाहिला. मग सावकाश फिरवून उलटा धरला. आता लहान आरी वर आली होती, डोक्यावर मूठ असलेली. तिच्यावर त्याने बोट ठेवलं.

"मी टेबलाच्या तिकडून उभा होतो, बाबू."

मी त्या उलट्या कागदाकडे पाहतच राहिलो. मग विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पेटी उघडली तवाच."

"मग साहेबांपुढे बोलला काऊन नाहीत?"

"खोटं कुठं बोललो? वरचीच म्हटलं होतं." त्याने कागद माझ्या मांडीवर ठेवला. "तुमची सही बाकी होती. मी तं झाडावर होतोच. तुमाले दुसरं काई येत नव्हतं."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. तसंच होतं, म्हणून म्हटलं. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली. पार्बताबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगतलं का शेवटी? मले तं त्याच दिवशी सांगतलं होतं."

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या घरात बसून, ऐसपैस पाय पसरून, तिच्या हातचा चहा पीत होतो.

"घ्या, बाबू," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."