स्वखुशीचा अंगठा

लेकरांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागलात, म्हणून मला अर्धंच कळलं. मग तुमच्या आईने नीट सांगितलं. तुमचे बाबा तिकडे ज्या बँकेचं काम कंत्राटावर करतात, तिने सगळ्या कंत्राटी लोकांचा रोजचा दर कापला. पटत असेल तर शुक्रवारपर्यंत मान्य करा, नसेल तर सोमवारी येऊ नका, असं कळवलं. तुमची सहल रद्द झाली. धाकटीने विचारलं, "आजी, असं कुणी करू शकतं का?"

करू शकतं. माझ्याच घरात ते होताना मी पाहिलं आहे. लगेच लिहायला बसले, कारण आणखी थोड्या वर्षांनी तुम्ही हा प्रश्न विचारणारच नाही.

जळकोटच्या आपल्या घराची रस्त्याकडची खोली मी एका मुलीला भाड्याने दिली आहे, हे तुम्हाला आठवत असेल. नांदेडच्या कॉलेजात ती माझ्या इंग्रजीच्या वर्गात होती. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरण्याचा धंदा. वडील अजूनही बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बसतात. ती मात्र बँकमित्र आहे. म्हणजे बँकेची नोकर नव्हे. बँक एका कंपनीला काम देते, कंपनी हिला देते, आणि दर व्यवहारामागे थोडं कमिशन मिळतं. टेबल तिचं, मशीन तिचं, विजेचं बिलही तिचंच.

निराधार म्हाताऱ्या सरकारकडून येणारे महिन्याचे पैसे काढायला तिच्याकडे येतात. त्या पैशांना इकडे 'पगार' म्हणतात. काचेवर अंगठा ठेवायचा, मशीनने ओळखला की पैसे हातात. पण जन्मभर खुरपून आणि भांडी घासून ज्यांच्या रेषाच झिजल्या, त्यांना मशीन ओळखत नाही. बाजारातल्या शाखेतला शिपाई अशा बायांना दारातूनच "बँकमित्राकडे जा" म्हणून हाकलतो. न उठलेल्या अंगठ्याचं कमिशन नसतं. तरी ती त्यांचा हात, बांगड्या भरताना तिचे वडील धरतात तसा धरायची, मनगटाखालून, सैल. अंगठ्याला खोबरेल चोळायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. एका म्हातारीपायी तिचा पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे. रांग शिव्या देत होती आणि ती म्हणत होती, "मावशी, हात सोडा ढिला. सासऱ्याचा हात धरल्यासारखं काय करून राहिल्या!"

गेल्या वर्षी कंपनीने नांदेडला एका मंगल कार्यालयात मेळावा घेतला. "बाई, माझा सत्कार हाय, चला," म्हणून ती मलाही घेऊन गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो झाला. जेवणात जिलेबी होती. जेवून सगळे पेंगायला लागले तेव्हा साहेबांनी पडद्यावर नवे दर दाखवले. जवळजवळ निम्मे.

"तुम्ही आमचे नोकर नाही, भागीदार आहात," साहेब म्हणाले. "भागीदाराने तोटाही वाटून घ्यायचा असतो."

ती खांद्यावरची शाल सावरत उभी राहिली. "सर, आम्ही भागीदार, तर मग तुमचं किती कापलं?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सगळं कार्यालय हसलं. साहेबही हसले. "मॅडमसाठी जोरदार टाळ्या!" म्हणाले. टाळ्या झाल्या. 

एसटी स्टँडवर चहा पिताना सगळ्यांनी ठरवलं की मशीनवर नवे दर आले तर कुणीच मान्य करायचे नाहीत. कंधारच्या एका धिप्पाड गृहस्थाने शपथच घातली, "जो अंगठा लावंल त्याच्या घरी मी जेवायला बसतो, अन् महिनाभर उठत न्हाई!" सगळे हसले. तीही हसली.

कंपनीने नेमका पगाराचा आठवडा गाठला. रोज सकाळी ती स्वतःच्या अंगठ्याने मशीन उघडते. त्या दिवशी आधी इंग्रजी मजकूर आला. तिने मला हाक मारली. "बाई, तुम्हीच वाचा, माझं काही चुकायला नको." मी वाचून मराठीत सांगितलं: हे सुधारित दर मी स्वखुशीने आणि कोणत्याही दबावाशिवाय स्वीकारत आहे. खाली एकच चौकोन होता, 'मान्य'. अमान्य म्हणायला जागाच नव्हती.

तिने मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. कंधारच्या त्या शपथवाल्याने पहिल्याच दुपारी अंगठा लावला होता, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. तिने माझ्यासमोर त्याला फोन लावला.

"काय दादा, कुणाच्या घरी जेवून राहिले?"

"ताई, लेकराची फी हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बाकीच्यांनी तर उचललाच नाही. मग कंपनीच्या लातूरच्या ऑफिसातून तिलाच फोन आला. संध्याकाळपर्यंत मान्य केलं नाही तर तिचा आयडी बंद, समोरच्या मोबाईल दुकानदाराला काम देणार.

बाहेर उन्हात रांग बसली होती.

"शाल पांघरून आली अन् डोक्यात हवा गेली."

"बापानं हात भरले, लेक रिकाम्या हातानं धाडून राहिली."

ती दारात आली. "मावशी, माझी मजुरी निम्मी केली त्यांनी. तुमच्यासाठी तेल चोळत बसते, त्याचं तर काहीच न्हाई मिळत."

सगळ्यात पुढे ती पाऊण तासवाली म्हातारी होती. "तुझी निम्मी तरी हाय," ती म्हणाली. "माझी चूल पेटली न्हाई कालपासून. लाव अंगठा."

मुलगी आत जाऊन बसली. मशीन उघडलं, अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. इतकी वर्षं नोटा मोजून तिचाच अंगठा कोरडा पडला होता. रांगेत हशा पिकला. "घ्या! आमचंच दुखणं लागलं हिला!"

म्हातारी टेबलाला वळसा घालून आत आली. तिने मुलीचा हात धरला, पदराने अंगठा पुसला, बाटलीतलं तेल चोळलं, पुन्हा पुसला आणि काचेवर ठेवून वरून आपल्या हाताने दाबला. हिरवा दिवा लागला.

"झालं," म्हातारी म्हणाली. "आता माझे काढ."

पुढच्या महिन्यापासून ती मुलगी कुणाचा अंगठा चोळत नाही. दोनदा बघते, नाही उठला तर म्हणते, "मावशी, शाखेत जा. पुढच्या या." मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, नव्या दरात दोनदाच बसतं." त्या म्हातारीलाही तिने तसंच परत पाठवलं. शाखेने तिला इकडे पाठवलं. ती तीनदा गेली आणि तीनदा आली, मग आपल्या खोलीच्या पायरीवर बसून राहिली. आत कुणी वर पाहिलं नाही.

तुमच्या बाबांनी शुक्रवारी मान्य केलं असेल. ते नीट जेवू लागेपर्यंत त्यांना काही विचारू नका.

तेलाची बाटली त्या मुलीने टेबलावरून काढून पायरीवर ठेवली आहे. बाया रांगेत बसल्या बसल्या एकमेकींचे अंगठे चोळतात. खोली रोज सकाळी उघडते. बाटली मी भरत नाही, बायाही भरत नाहीत, तरी तिच्यात तेल असतं.